पिवळीला काही लागत नाही

माझ्या मामाला उपाशी माणूस बघवत नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही, कारण याचा आम्हाला फार त्रास झालेला आहे. दारात कोणी उभं राहिलं की नाव-गाव विचारायच्या आधी मामा विचारणार, ‘जेवलात का?’ विजेचा मीटर बघायला आलेला एक माणूस स्वयंपाकघरात बसून दोन वाट्या सूप आणि अर्धा पाव खाऊन गेला आणि मीटर बघायचाच विसरला, असं आमच्या घरात घडलेलं आहे. माझं निम्मं वजन मामाच्या कृपेचं. ते उतरवायचा मी बऱ्याचदा प्रयत्न केला, पण मामाचं घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे, तिथे कुठलाही निश्चय टिकत नाही.

मामा एका मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात आचारी होता. स्वयंपाकघर तळघरात. छातीपर्यंत येणारी पातेली, वल्ह्याएवढे डाव, भिंतींवर सतत ओघळणारी वाफ. तिथे जे शिजायचं त्याला चव अशी नसायचीच. मीठ कमी, तेल कमी, तिखट नाहीच, आणि सगळं इतकं मऊ की दात घरी विसरून आलेल्या माणसानंही खावं. दुसरा कोणी असता तर त्या कामाला कंटाळला असता. मामाला ते काम म्हणजे जगातलं सगळ्यात महत्त्वाचं काम वाटायचं. वरच्या मजल्यांवरून ट्रॉलीतून ताटं परत यायची, ती धुवायला जायच्या आधी मामा एकेक बघायचा. ज्या ताटातलं कोणी खाल्लं नसेल ते ताट त्याला स्वतःचा अपमान वाटायचं. मग कामाची वेळ संपली की तसाच अ‍ॅप्रन घालून तो वर जायचा आणि त्या माणसाच्या उशाशी बसून म्हणायचा, ‘अजून थोडंसं.’ नर्सनी त्याचं नावच ‘थोडंसं’ पाडलं होतं. ‘थोडंसं आले, उठून बसा,’ असं त्या पेशंटना सांगायच्या.

एकदा मी त्याला म्हटलं, ‘मामा, त्यांना नको असेल तर नको. कशाला मागे लागतोस?’

तेव्हा तो चिडला होता. ‘ड्रायव्हर,’ तो म्हणाला. मी लोकांना गाडी चालवायला शिकवते म्हणून तो मला ड्रायव्हर म्हणतो. ‘जो ओरडतो, जेवण फेकतो, शिव्या देतो, तो बरा होऊन घरी जातो. मला काही नको, असं जो शांतपणे म्हणतो ना, तोच आधी जातो. इतकी वर्षं बघतोय मी. काही नको म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही.’

आता गंमत अशी, की अशा माणसाची बायको ‘मला काही नको’ म्हणणारी. माझी मामी घरी बसून शर्टांची काजं करायची. कारखान्यातून गठ्ठे यायचे. चांगल्या प्रतीच्या शर्टांची काजं हातानं करून घेत. मागच्या दाराशी उजेडात स्टूल टाकून ती बसायची. तिच्या काजाची उलटी बाजूही सुलटीसारखी दिसायची. पण साडी घेऊ का म्हटलं तर आहेत की. कुठे जाऊ या का म्हटलं तर कशाला उगाच. मूलबाळ झालं नाही, त्याबद्दलही कधी तिच्या तोंडून अक्षर ऐकलं नाही. मला तिचा राग यायचा. माझ्या नाकावर राग असतोच. शिकाऊ माणसाच्या शेजारी दिवसभर बसून बघा, तुमच्याही असेल. मला वाटायचं, बाई गं, एकदा तरी काहीतरी माग.

डोळे जायला लागले तेही तिनं कोणाला सांगितलं नाही. चौकटीला खांदा आपटायचा, तर म्हणायची दारच अरुंद आहे. मागच्या दारावरचा दिवा तिनं बदलून मोठा लावला, मग त्याहून मोठा. शेवटी कारखान्यातून शर्टांचा एक अख्खा गठ्ठा परत आला. काजं सुबकच होती, पण खुणांपासून सरकलेली. शर्टाला बटणं लावली असती तर एक बाजू वर, एक खाली. मामीनं तो गठ्ठा मांडीवर घेतला आणि बोटं फिरवत बसून राहिली. मामा त्याच दिवशी तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. गाडी माझी होती, म्हणून मीही होते.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. डोळ्यातला दाब वाढून आतली नस सुकत चालली होती, फार दिवसांपासून. ‘गेलं ते परत येणार नाही,’ ते म्हणाले. ‘उरलंय ते जितकं टिकवता येईल तितकं टिकवू. थेंब वेळेवर घाला.’

मामानं विचारलं, ‘खायला काय देऊ?’

‘काहीही द्या. याचा खाण्याशी संबंध नाही.’

मामानं फक्त ‘काहीही द्या’ एवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून गाजराचं सूप, गाजराचा रस, उकडलेलं गाजर, हिरव्या पालेभाज्या, माशांची कलेजी. मामी निमूटपणे खायची. एकदा मला हळूच म्हणाली, ‘डोळ्यांचं काय होईल ते होईल, पण पोट मात्र सुटणार माझं.’ आम्ही दोघी खूप हसलो. मामा आतून ओरडला, ‘काय झालं? भूक लागली का?’

थेंब घालूनही नजर आकसत गेली. एका दुपारी तपासणीहून परत येताना मामी गाडीत माझ्या शेजारी बसली होती. सिग्नलला थांबलो होतो. समोरून बस गेली.

‘पिवळी होती ना?’ ती म्हणाली.

‘हो. दिसली?’

‘बस नाही दिसली. पिवळं दिसलं.’ मग म्हणाली, ‘बाकी सगळं विटलंय गं. शंभरदा धुतलेल्या कपड्यासारखं. पिवळा तेवढा अजून ओळख दाखवतो.’

मागचा हॉर्न वाजवायला लागला म्हणून गाडी काढली. घर जवळ आलं तेव्हा ती म्हणाली, ‘मागच्या दारी पिवळी फुलं असती तर बरं झालं असतं. स्टुलावर बसल्या बसल्या दिसतील अशी.’ आणि लगेच हसून, ‘आंधळा मागतो एक डोळा, दुसरं काय.’

ती म्हण तिनं स्वतःलाच लावली होती. पण मला आत कुठेतरी आनंदही झाला होता. मामीनं काहीतरी मागितलं होतं! मी मामाला सांगितलं तेव्हा तो कणीक मळत होता. त्यानं तसेच पिठाचे हात घेऊन चपला शोधायला सुरुवात केली.

रोपवाटिका गावाच्या कडेला होती. रोपवाली साठीची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, दातांत सुतळीचा तुकडा. मामानं तिला सगळं सांगितलं. कोणी विचारो न विचारो, मामा सगळंच सांगतो. तिनं सुतळी काढली, आत गेली आणि एक कुंडी घेऊन आली. बारीक पानांचा वीतभर झुपका, बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

‘आम्ही याला पिवळी म्हणतो,’ ती म्हणाली. ‘एकदा लावली की मुळं जमिनीत राहतात. थंडीत वरचं वाळतं, ऊन तापलं की पुन्हा उगवते. वर्षानुवर्षं. आणि फुलायला लागली की पान दिसत नाही, इतकं पिवळं.’

‘खत कुठलं?’ मामानं विचारलं.

‘कुठलंच नाही.’

‘पाणी?’

‘मूळ धरेपर्यंत घाला. मग अगदीच मान टाकली तर. हिला काही लागत नाही हो. लावा आणि विसरा.’

मामानं माझ्याकडे बघितलं. ‘विसरा म्हणजे?’ परत येताना गाडीत कुंडी मांडीवर धरून तो पुटपुटत होता. ‘म्हणे काही लागत नाही. प्रत्येकाला काहीतरी लागतं.’

मामाच्या मागच्या दारी जमीन म्हणजे कधीकाळी पाडलेल्या एका खोलीचा राडारोडा होता. विटांचे तुकडे, चुना, खडी. पिवळीला तेच मानवलं असतं. मामानं ते कंबरेइतकं खणलं, सगळं उपसून कुंपणाच्या भिंतीशी ढीग लावला आणि खड्ड्यात शेणखत, पालापाचोळा, काळी माती भरली. वयाला न शोभणारं काम. दोन दिवस कंबर धरून चालत होता. मामी स्टुलावर बसून त्याच्या आवाजाच्या दिशेनं बघायची आणि म्हणायची, ‘अहो, पुरे.’ तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. ती वाट बघत होती.

मग पंगत सुरू झाली. तांदूळ धुतलेलं पाणी, मासे धुतलेलं पाणी, भाज्या उकडलेलं पाणी गार करून. अंड्यांची टरफलं कुटून. चहाचा चोथा. हॉस्पिटलातून केळ्यांच्या साली. मामा कामावरून आला की आधी मागच्या दारी जायचा, वाकून बघायचा आणि मला शपथ आहे, मी माझ्या कानांनी त्याला ‘अजून थोडंसं’ म्हणताना ऐकलं आहे.

पिवळी काय वाढली! वीतभराची कंबरेला आली. पानं रुंद, हिरवीगार, लुसलुशीत. स्वतःच्या वजनानं आडवी व्हायला लागली, तेव्हा मामानं काठ्या रोवून बांधली. शेजारीपाजारी बघून जायचे. ‘हात चांगला आहे तुमचा,’ म्हणायचे. मामाची छाती फुगायची. ऊन तापलं. रोपवालीच्या दारात त्याच पिवळीचे ताटवे फुटपाथपर्यंत पिवळे झालेले मी येताजाता बघत होते. मामाच्या दारी एक कळी नव्हती.

‘येईल,’ मामा म्हणायचा. ‘अंगानं भरली की येईल.’ आणि आणखी एक बादली.

त्या उन्हाळ्यात मामीला काय दिसत होतं ते मी तिला विचारलं होतं. म्हणाली, किल्लीच्या भोकातून बघावं तेवढं. त्यात हिरवं म्हणजे काळपट काहीतरी. ती रोज सकाळी त्या काळपटाकडे तोंड करून बसायची. पूर्वी हातात शर्ट असायचा, आता नुसते हात. जे उरलंय ते संपायच्या आत एकदा पिवळं दिसावं, एवढंच होतं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, पण दाखवायची गरज नव्हती. मामाचाही जीव टांगणीला लागला होता. रात्रीचं जेवण त्याचंच अर्धवट राहायला लागलं, आणि हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं.

शेवटी मी एक फांदी तोडून रोपवालीकडे गेले. तिनं ती हातात घेतली, पान चुरगाळलं, वास घेतला आणि हसायला लागली. मग माझं तोंड बघून थांबली.

‘खाऊ घालून घालून बिघडवलीये,’ ती म्हणाली. ‘अति तिथे माती. अगं, हिला वाटतं आपलं बरं चाललंय, मग कशाला फुलेल? जमीन वाईट असली, पाणी तुटलं, की ही घाईघाईनं फुलते. आता सगळं बंद करा. थंडीच्या आधी गड्डा काढा, तुकडे करा आणि खडीत लावा. पाठ फिरवा. पुढच्या वर्षी येतील.’

‘पुढच्या वर्षी?’

‘या वर्षी आता नाही.’

मी ते मामाला मागच्या अंगणात सांगितलं. मामी आत झोपली होती, म्हणून दोघंही दबक्या आवाजात भांडलो. दबक्या आवाजात भांडण्याइतकं कठीण काही नाही.

‘उपाशी ठेवू?’ मामा म्हणाला. ‘आधीच फूल धरत नाही, आणि वरून उपाशी ठेवू?’

‘मामा, तिला नको आहे. रोपवालीनं सांगितलं होतं. लावा आणि विसरा.’

‘काही नको म्हणणाऱ्याला सोडून दिलं की काय होतं ते मला माहीत आहे.’

‘हे पेशंट नाहीये! हे झाड आहे!’

‘तुला काय कळतंय? तू गाड्या चालव.’

पालथ्या घड्यावर पाणी. मी तणतणत निघून गेले. पण फाटकाशी वळून बघितलं तर मामा हातातली बादली तशीच धरून उभा होता. घालत नव्हता, ठेवतही नव्हता. मग त्यानं ती मोरीत नेऊन ओतली. मासे धुतलेलं चांगलं पाणी मोरीत ओतताना त्याचा चेहरा एखाद्याच्या तोंडचा घास काढून घेतल्यासारखा झाला होता.

उन्हाळा तसाच गेला. थंडीच्या तोंडावर त्यानं रोपवालीच्या सांगण्याप्रमाणे गड्डा खणून काढला, सुरीनं तुकडे केले, आणि भिंतीशी स्वतःच रचलेल्या त्या राड्यारोड्यात, विटांच्या तुकड्यांत एकेक खोचला. ना माती, ना खत. मूळ धरेपर्यंत पाणी घातलं आणि थांबला. मला म्हणाला, ‘मेली तर तुझ्यामुळे.’ मी म्हटलं, ‘बरं.’ सकाळ-संध्याकाळ तो पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत जायचा, उभा राहायचा आणि भरला तांब्या परत आणायचा. वरची काडी वाळून गेली. भिंतीशी नुसता दगडविटांचा ढीग दिसायचा.

त्या थंडीत मामीची नजर गेली. थोडी थोडी जातच होती, एका सकाळी उरलेलीही गेली. मामानं मला हे नंतर सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मामी अंथरुणात उठून बसली होती. खिडकीतून ऊन थेट पलंगावर आलं होतं. ती म्हणाली, ‘अहो, दिवा लावता का?’ मामा उठला. भर उन्हात त्यानं जाऊन दिव्याचं बटण दाबलं आणि म्हणाला, ‘लावला.’ मग तिनं हात पुढे केला, तो उन्हात आला. हाताला ऊब लागली. तिनं हात तसाच ठेवला आणि म्हणाली, ‘बरं. बंद करा, वीज जळतेय.’

मामानं त्यानंतर काही महिन्यांतच नोकरी सोडली. मुदत संपायला वेळ होता, पण मामीला एकटीला घरात ठेवणं जमेना. तळघरातल्या माणसांनी त्याला एक मोठा डाव भेट दिला. तो त्यानं भिंतीला टांगला. घरात आता दोन माणसांचा स्वयंपाक, आणि त्यातली एक ‘बास’ म्हणणारी.

ऊन तापायला लागलं तसं भिंतीशी विटांच्या फटींतून हिरवं डोकावलं. बुटकं, काटक, बारीक पानांचं. नंतर माझ्या शिकाऊंच्या परीक्षा आल्या आणि माझं जाणं झालं नाही. एका रविवारी दुपारी मी फाटक उघडून मागच्या बाजूनं वळले आणि जागच्या जागी थांबले. भिंत पिवळी झाली होती. दुसरा शब्दच नाही. पान दिसत नव्हतं, वीट दिसत नव्हती. आणि त्या पिवळ्यापासून चार हातांवर स्टुलावर मामी बसली होती, तोंड त्याच बाजूला.

मामा दारातून लगबगीनं आला. ओठांवर बोट. मला हाताला धरून पुढच्या दारी घेऊन गेला.

‘तिच्याजवळ बोलू नकोस.’

‘काय बोलू नको? मामा, तिला सांगितलं नाहीस?’

‘रोज विचारते, आली का. मी म्हणतो, नाही.’ त्याचा आवाज फाटला होता. ‘नाहीच आली असं वाटू दे. नशिबात नव्हती, म्हणेल. पण आली आणि आपल्याला दिसत नाहीत... नाही गं. ते नको. ते मी तिला नाही सांगू शकत.’

मला संताप आला. मला त्याची कीवही आली. दोन्ही एकदम आल्यावर माणूस काही कामाचं राहत नाही. मी तोंडाला कुलूप लावलं, जे माझ्या स्वभावाला मुळीच शोभत नाही, आणि मागच्या दारी जाऊन मामीजवळ पायरीवर बसले. मधमाशांचा इतका आवाज होता की मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता. मामी हवापाण्याचं बोलली, माझ्या शिकाऊंचं विचारलं. तिचे हात मांडीवर होते.

मी ते हात बघितले. सगळ्या बोटांची टोकं पिवळी होती. पिवळी धूळ, नखांच्या कडांतसुद्धा. नाकाच्या शेंड्यावरही थोडी होती. फुलांत बोटं फिरवल्याशिवाय, तोंड खुपसल्याशिवाय ती लागत नाही. आपल्या बोटांना काय लागलंय हे तिला दिसत नव्हतं, म्हणून तिनं ते पुसलं नव्हतं.

तेवढ्यात मामा सुपाच्या वाट्या घेऊन आला. मी काही करायच्या आत त्याला ते दिसलं. वाट्या त्यानं पायरीवर ठेवल्या, सावकाश. खांद्यावरचा ओला फडका घेतला, तिच्यासमोर खाली बसला आणि तिचं एकेक बोट पुसायला लागला.

‘काय पुसताय?’ मामीनं विचारलं.

‘काही नाही. पीठ लागलंय.’

‘आज मी पिठाला हात लावला नाही.’

मामा पुसत राहिला.

‘पिवळं आहे का?’ तिनं विचारलं.

मामाचा हात थांबला. ‘हो,’ तो म्हणाला.

‘मग तसं सांगावं की. अहो, मधमाशा काय विटा चाटायला येतात का? तुम्ही बाजारात गेलात की मी भिंत धरून जाते. एकेक हाताळून आलेय. पाकळीची कड कातरलेली आहे, नक्षीच्या कात्रीनं कापावी तशी.’

‘मग रोज का विचारत होतीस?’

‘तुम्ही सांगाल म्हणून.’

मामा जमिनीवरच बसला. फडका त्याच्या हातात चुरगळला होता. ‘मी खाऊ घातलं म्हणून ती फुलली नाही,’ तो म्हणाला. ‘ती बाई सांगत होती, काही घालू नका. मी ऐकलं नाही. नाही तर मागच्याच उन्हाळ्यात आली असती. तेव्हा तुला दिसत होतं. तू पाहिली असतीस.’

मी वाट बघत होते की मामी आता नेहमीचं बोलेल. असं काय म्हणता, तुमचा काय दोष, जाऊ द्या. सगळे असंच म्हणतात. मीसुद्धा म्हटलं असतं. मामीनं तर आयुष्यभर हेच म्हटलं होतं.

‘हो,’ मामी म्हणाली. ‘पाहिली असती.’

मामानं फडका तोंडावर धरला. साठीला टेकलेला, जाडजूड माणूस, हुंदके देऊन रडायला लागला. मामीनं चाचपून त्याचा खांदा शोधला आणि तिथे हात ठेवला. ‘फार वाटत होतं हो मला,’ ती म्हणाली, आणि तिचेही डोळे भरून वाहायला लागले. दिसत नसलेल्या डोळ्यांनाही पाणी येतं, तेवढं मला त्या दिवशी कळलं. ‘एकदाच बघावं, इतकंच वाटत होतं.’

किती वेळ गेला कोण जाणे. सूप गार झालं. मग मामीनं पदरानं डोळे पुसले.

‘आता सांगा,’ ती म्हणाली. ‘कशी पिवळी आहेत?’

मामानं तोंडावरून फडका काढला आणि भिंतीकडे बघितलं. मला वाटतं, त्यानं ती फुलं तोवर नीट बघितलीच नव्हती. नजर चुकवूनच वावरत होता तो. ‘अंड्याच्या बलकासारखी,’ तो म्हणाला.

‘कच्च्या की उकडलेल्या?’

‘उकडल्यावर फिका पडतो. अर्धवट शिजलेला असतो ना, तसा.’

‘आणि मधे?’

‘मधे जरा गडद. साखर करपायच्या आधी होते तेवढी.’

‘सगळी सारखीच?’

‘नाही.’ मामा उठला, भिंतीजवळ गेला आणि वाकला. ‘हे एक आहे, खालचं. याची एक पाकळी कमी आहे. कशानं तरी खाल्लेली. हे पलीकडचं आज उमललंय, अजून पुरतं उघडलं नाही...’ तो थांबला.

मामी भिंतीकडे तोंड करून, पुढे झुकून बसली होती.

‘पुढचं,’ ती म्हणाली.

मामानं नाक पुसलं आणि पुढचं सांगायला लागला.